काळी गाडी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड. होऊन अकरा वर्षे झाली. आमच्या तुकड्या टप्पा अनुदानावर आहेत. म्हणजे सरकार पगाराचा एक हिस्सा देते आणि उरलेला पुढच्या टप्प्यावर ढकलते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आमच्यापैकी कोणी शिकवण्या घेतात, कोणी सासऱ्याच्या दुकानात बसतात. मी चेंबूरमध्ये रात्री गाड्या घासतो.

'घासतो' हा शब्द माझ्या मामेभावाला मुळीच आवडत नाही. "भाई, घासतात ती भांडी. याला डिटेलिंग म्हणतात," असे तो मला ऐकवतो. पी. एल. लोखंडे मार्गावरून आत वळले की एका गल्लीत त्याचा गाळा आहे, दोन गाड्या मावतील एवढा. दहावीला गणितात दोनदा नापास झाल्यावर मामूंनी त्याला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सीटकव्हरच्या दुकानात लावले. तिथून तो बफिंग शिकला, पुढे कर्ज काढून स्वतःचा गाळा केला. त्या काळात मी बी.एड. करत होतो आणि खानदानात कुठेही दावत असली की माझे उदाहरण देऊन त्याला चार शब्द सुनावले जात. आज मी त्याच्याकडे रोजावर काम करतो. शाळेत हे कोणाला माहीत नव्हते. गाळ्यात मी मास्क आणि टोपी घालून वावरत असे. पॉलिशची भुकटी नाकातोंडात जाते, हे कारण खरेच आहे. पण तेवढेच कारण नव्हते.

२०२४ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. गुरुवारची रात्र. साडेनऊच्या सुमारास एक काळी बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह गाळ्यासमोर येऊन थांबली. चार दरवाज्यांची, लांबून पाहिली तर साहेबी गाडी. पण पुढे ४.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, सहाशे अश्वशक्ती, आणि उभ्या जागेवरून ताशी शंभरचा वेग साडेतीन सेकंदांच्या आत. चेंबूर नाक्यावर हिचा उपयोग काय, हा प्रश्न मी भावाला विचारला होता. तो म्हणाला, फ्रीवे आहे ना. खरे आहे. २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे सुरू झाल्यापासून अशा गाड्या चेंबूरला जास्त दिसू लागल्या.

गाडीतून उतरलेला माणूस मालक नव्हता, ड्रायव्हर होता. पंचेचाळिशीचा, अंगात पांढरा गणवेश, चेहरा उतरलेला. त्याच्या मागून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उतरला. मी मास्क नाकावर आणखी वर ओढला. मुलगा माझ्या वर्गातला होता.

झाले होते असे. शेठ पंधरा दिवस दुबईला. गाडी इमारतीखाली उभी. चेंबूरमध्ये सध्या गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून टॉवर बांधणे चालू आहे; रात्रीतून गाडीवर सिमेंट-रेतीचा पिठासारखा थर बसतो. इमारतीत पाण्याची टंचाई होती. शेठ शनिवारी सकाळी परतणार म्हणून या भल्या माणसाने ती सगळी धूळ कोरड्या फडक्याने जोर लावून पुसून काढली. सावलीत गाडी झकास दिसली. उन्हात काढली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

भावाने काही न बोलता ट्यूब बंद केली आणि हातातला तपासणीचा दिवा बॉनेटवर धरला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा शेकडो बारीक गोल रेघा चमकल्या. ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "सेठ निकाल देगा मेरेको."

इथे थोडा धडा घ्यावा लागेल. शिक्षकाची सवय आहे, वाचकांनी माफ करावे.

आजच्या गाडीचा रंग म्हणजे चार थर असतात. तळाला गंज रोखणारा, त्यावर प्राइमर, मग खरा रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक कवच. सगळे मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यात क्लिअर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस सत्तरच्या आसपास असतो. यावरून ते कवच किती पातळ, याचा अंदाज करावा. रेतीचा कण या कवचापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्याखाली तो दाबून फिरवला की नांगर फिरवल्यासारखी चर पडते. पांढऱ्या गाडीवरही ती पडते. पण पांढरा रंग स्वतःच चहूकडे प्रकाश फेकत असतो, त्यात रेघेचा प्रकाश बुडून जातो. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतो. मग रेघेच्या काठावरून जेवढा उजेड उडतो, तेवढाच डोळ्यांत भरतो. भाऊ हेच आपल्या भाषेत सांगतो: "सफेद गाडी माफ करती है, काली नहीं करती."

आमच्या उर्दूत याला 'बेकायदा इन्इकास' म्हणतात. मराठी शाळेत अनियमित परावर्तन. मराठी माणसाने 'बेकायदा' ऐकले तर त्याला वाटेल, प्रकाशाने गुन्हा केला आहे!

काम रात्रीच करायचे होते. मे महिन्यात दिवसा काळा पत्रा इतका तापतो की औषध लावता लावता वाळून त्याचे डाग पडतात. गाडी आधी नुसत्या पाण्याने, मग फेसाने धुतली. हात न लावता जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊ द्यायची, हा पहिला नियम. दोन बादल्या असतात. एकीत साबण, दुसरीत साधे पाणी. हातमोजा गाडीवर एकदा फिरला की साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात. पाणी महापालिकेच्या नळाचे हवे. बोअरवेलचे वापरले तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उठतात आणि काळ्यावर ते देवीच्या व्रणांसारखे दिसतात. मग लोखंड काढणारे औषध फवारले. रुळांवरून, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. औषध त्यांना लागले की जांभळे ओघळ वाहू लागतात. सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, गंधकाच्या संयुगाची. मुलगा नाक दाबून पण डोळे विस्फारून पाहत होता. त्यानंतर क्ले, म्हणजे मातीसारखा मऊ गोळा, साबणाच्या पाण्यावरून सरकवायचा, उरलेले कण त्याला चिकटून येतात. मग सगळे काठ चिकटपट्टीने झाकायचे, कारण काठावर क्लिअर आणखी पातळ असतो आणि मशीन तिथे क्षणभर जास्त थांबली तरी खालचा रंग उघडा पडतो.

इथवर मी तोंड उघडले नव्हते. बाराच्या सुमारास भाऊ बॉनेटवर दोन फुटांचा चौकोन आखून कुठला पॅड, कुठले कंपाउंड चालते ते अजमावत होता. मी दिवा धरून होतो. एक रेघ राहिलेली दिसली आणि सवयीने तोंडून निघून गेले, "नहीं, गौर करो, गौर करो!"

स्टुलावर पेंगणारा मुलगा ताठ बसला. वर्गात हे दोन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. मुले मागे माझी नक्कल करतात, हेही मला ठाऊक आहे.

"सर?"

मी मास्क काढला. दुसरे काय करणार? ड्रायव्हर गडबडून उभा राहिला आणि त्याने मला सलाम केला. त्या सलामाने मला जेवढे ओशाळे वाटले, तेवढे मुलाच्या नजरेने वाटले नाही. माझ्या हातात घामट फडके होते. "बैठिए, बैठिए," असे काहीतरी मी बोललो. भाऊ मात्र मशीनवरून नजर न हलवता म्हणाला, "सर यहाँ भी मास्टर हैं. दिवा सीधा पकडते हैं." सगळे हसले आणि वेळ निभावली.

मग लपवायचे काहीच उरले नाही म्हणून मी मुलाला जवळ बोलावले आणि एक गंमत दाखवली. या रेघा गोल दिसतात, पण गोल नसतात. फडके उभे, आडवे, तिरपे, कसेही फिरलेले असते आणि रेघा सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा नेमक्या आडव्या पडतात, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीच्या असूनही दिसत नाहीत. दिवा हलवला की जाळे त्याच्याबरोबर हलते. मुलाने दिवा हातात घेतला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. जाळे मागे मागे फिरत राहिले. तो किती तरी वेळ तेच करत होता.

पहाटे फजरनंतर अब्बा गाळ्यावर आले. झोप कमी झाल्यापासून ते असे येतात. अब्बांनी तेवीस वर्षे मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी चालवली. आमच्या लहानपणी काळी गाडी म्हणजे अब्बांची पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना आमच्या शेजारी कुर्ल्यालाच. फियाटची गाडी तिथे तयार होई, १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. अब्बांची १९९३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागू झाली तेव्हा, २०१३ मध्ये, ती भंगारात गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. २०२३ चा ऑक्टोबर संपला तशी तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी अब्बांनी वर्तमानपत्रातला फोटो बराच वेळ समोर धरला होता. बोलले काही नाहीत.

अब्बांनी एम-फाइव्हच्या दरवाज्यावरून तळहात फिरवला. एका दरवाज्याचे पॉलिश झाले होते, दुसऱ्याचे व्हायचे होते. म्हणाले, "इसमें रंग किधर है? ये तो काच है." मग त्यांनी भावाच्या हातातला पॅड उलटा करून पाहिला. पॅड पांढरट होता. हे त्यांना पटेना. पद्मिनीला वरचे कवच नव्हते, रंग उघडाच असे. अब्बा दर शुक्रवारी पॉलिश लावून घासत तेव्हा फडके काळेकुट्ट होई. अम्मी ते फडके वेगळे धूत असे आणि पुटपुटे की, या गाडीचा रंग गाडीवर कमी आणि माझ्या मोरीत जास्त. दहा वर्षांत बॉनेट राखाडी पडले, मग अब्बांनी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवून घेतले. गाडीचा रंग म्हणजे खर्च होणारी वस्तू, साबणाच्या वडीसारखी, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. कवच आले तरी हिशेब बदललेला नाही. एकदा कंपाउंड फिरवले की दोन-तीन मायक्रॉन गेले. रेघ काढणे म्हणजे रेघ भरणे नव्हे. रेघेच्या आजूबाजूचा पृष्ठभाग तिच्या तळापर्यंत खाली आणणे. त्यामुळे गाडी नवी होत नाही. दर वेळी ती थोडी संपते.

शुक्रवारी रात्री डिकीचे काम निघाले आणि अडचण तिथेच होती. उजव्या कोपऱ्यात चार बोटे लांबीचा एक ओरखडा होता. इतर रेघांसारखा नाही. नख फिरवले तर अडकत होते. भावाने जाडी मोजायचा मीटर लावला. हे मीटर लोखंड किंवा अॅल्युमिनियमवरच चालते. या गाडीचा टप कार्बन फायबरचा, तिथे ते मुके. बॉनेटवर ११८, १२१ असे आकडे आले होते. डिकीच्या त्या कोपऱ्यात ८२. म्हणजे आधी कोणीतरी तिथे मशीन भरपूर चालवली होती. मीटर एकूण जाडी सांगते, त्यात क्लिअर किती उरला हे सांगत नाही. तो अदमास कारागिराचा. भावाने ओरखड्याचे काठ हलकेच गोलावले, तो थोडा मंद झाला. मग मशीन बंद केली. "बस. आणखी नाही."

ड्रायव्हर चहा आणायला गेला तेव्हा मुलगा माझ्याजवळ आला. डोळे जमिनीवर. "सर, वो डिकीवाला मैंने किया." सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी दप्तरासकट डिकीवर बसून त्याने मित्राकडून फोटो काढून घेतला होता. दप्तराची चेन लागली. अब्बांना माहीत नाही. त्यांना वाटते, हेही आपल्याच फडक्याने झाले. फोटो त्याने मला मोबाईलवर दाखवला. दोन्ही हात फैलावलेले, चेहऱ्यावर गाडीच्या मालकाची ऐट. फोटो छान आला होता.

मी भावाला बाजूला घेतले. या धंद्यात ग्लेझ नावाची एक वस्तू असते. तेल आणि भरण यांचे मिश्रण. ओरखड्यात ते बसते आणि दोन-तीन धुण्यांपर्यंत ओरखडा दिसत नाही. भाऊ त्याला मेकअप म्हणतो. मी म्हटले, लाव. एका कुटुंबाच्या रोटीचा प्रश्न आहे. दोन-तीन धुणी म्हणजे महिना. महिन्याभरानंतर कोण विचारतो, कुठे लागले?

"भाई, पेपर तपासताना तू असेच करतोस?"

मी गप्प झालो. करतो. तेहतिसाचे पस्तीस अनेकदा केले आहेत, आणि तेही रोटीच्याच हिशेबाने. हे मी त्याला सांगितले नाही, पण त्याने ओळखले असावे. तो स्वतः पस्तिसाच्या अलीकडे राहिलेला. त्याला कोणी दोन गुण दिले नव्हते.

"महिन्याने ओरखडा वर आला," तो म्हणाला, "तर शेठ म्हणेल, ड्रायव्हरने झाकायला लावला. आज त्याचा एक गुन्हा आहे, तेव्हा दोन होतील. आणि माझे नाव त्याच्याबरोबर जाईल." मी वाद घातला. बराच घातला. शिकलेल्या माणसाकडे वादासाठी शब्द भरपूर असतात. तो ऐकत ऐकत बिल लिहीत होता, त्याच्या त्या वाकड्या अक्षरात. पूर्ण गाडीचे पॉलिश, अठरा हजार. खाली लिहिले: 'डिकी, उजवा कोपरा, एक ओरखडा. जाडी ८२. जास्त काढले तर क्लिअर जाईल, म्हणून ठेवला आहे.'

ड्रायव्हर चहा घेऊन आला. भावाने बिल वाचून दाखवले आणि ओरखड्यावर दिवा धरला. ड्रायव्हर वाकून पाहू लागला. "ये कपडे का नहीं लगता," तो स्वतःशीच म्हणाला. वीस वर्षे गाड्या चालवलेला माणूस. त्याला कळणारच होते. गाळ्यात काही क्षण पंख्याचाच आवाज होता. मग मुलाने मोबाईल पुढे केला.

बापाचा हात वर उठला होता. मी तिथे नसतो तर तो खाली आला असता, यात मला शंका नाही. त्याने हात खाली घेतला, फोटो पुन्हा पाहिला, आणि मुलाला विचारले, "किसने खींचा?" एवढेच.

शेवटचे हात फिरायला पहाटेचे चार वाजले. अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने सगळी गाडी पुसली, म्हणजे पॉलिशमधले तेल निघून जाते आणि खरे काय ते दिसते. भावाने गाळ्यातले सर्व दिवे लावले. बॉनेटमध्ये छताचा पत्रा, पंखा, भिंतीवरचे कॅलेंडर, त्यावरच्या तारखासुद्धा उलट्या वाचता येत होत्या. मी भावाच्या हाताखाली खूप गाड्या केल्या, पण त्या पहाटे पहिल्यांदा मला जाणवले की हा माझ्यापेक्षा चांगला विज्ञानाचा माणूस आहे. मोजतो, अजमावतो, आणि आकडा नको म्हणाला की थांबतो. आमच्या शाळेने त्याला गणितात दोनदा नापास केले होते.

रविवारी ड्रायव्हरचा फोन आला. शेठने विमानतळावरच बिल वाचले, मोबाईलचा दिवा लावून डिकी पाहिली, मग बॉनेट पाहिले, आणि बॉनेटच जास्त वेळ पाहिले. नोकरी राहिली. अठरा हजारांतले नऊ त्याच्या पगारातून तीन महिन्यांत कापायचे ठरले. ही रक्कम त्याला जड होती. भावाने दोन हजार सोडले आणि गाडीचे धुणे आता महिन्यातून दोनदा आमच्याच गाळ्यावर होते. कोरडे फडके ड्रायव्हरने फेकून दिले असे तो म्हणाला. मी विश्वास ठेवला.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. माझ्या कामाची बातमी मुलामार्फत आधीच वर्गात पोहोचली असणार, या धास्तीने मी पहिल्या तासाला फळ्याकडेच जास्त वेळ तोंड करून उभा होतो. कोणी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेवर माझी देखरेख होती. तो मुलगा जेवण आटोपून नळावर ताट धुऊन आला आणि खिडकीच्या उन्हात ते तिरपे धरून उभा राहिला. शाळेचे जुने स्टीलचे ताट, वर्षानुवर्षे काथ्याने घासलेले. उन्हाच्या ठिपक्याभोवती बारीक गोल रेघा चमकत होत्या. त्याने ताट थोडे डावीकडे नेले, थोडे उजवीकडे. त्याच्या भोवती चार-पाच मुले जमली.

"गौर करो," तो त्यांना सांगत होता, हुबेहूब माझ्या आवाजात, "गौर करो, ये गोल नहीं हैं."